चौदाव्या खुंटीचे शांत आकडे

१

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी साडेबाराच्या सुमाराला, खारदेवळीचा बांध चौदाव्या खुंटीजवळ फुटला.

उधाणाचं पाणी बांधाच्या माथ्यापासून अजून दीड हात खाली होतं. म्हणजे पाणी वरून आलं नाही, बांधाच्या पोटातून आलं. आधी दंडाएवढी धार, मग दार उघडल्यासारखा लोंढा, आणि तासाभरात वीस हात रुंदीची खांड. कापणीला आलेलं सव्वाशे एकर भात खाऱ्या पाण्यात उभं राहिलं. त्या जमिनीत आता तीन वर्षं दाणा पिकणार नव्हता.

पेणच्या खाडीकाठाला बांध फुटणं नवीन नाही. पण हा बांध दोन वर्षं शास्त्रज्ञांच्या नजरेखाली होता. मुंबईच्या एका संशोधन संस्थेने त्यात चाळीस ठिकाणी ॲल्युमिनियमच्या नळ्या पुरल्या होत्या. गावाने त्यांना नाव ठेवलं खुंट्या. दर बुधवारी त्या नळ्यांत न्यूट्रॉनचं यंत्र सोडून मातीच्या पोटातली ओल मोजायची, आणि ते आकडे रोह्याच्या कचेरीतल्या संगणकाला शिकवायचे. भरती, पाऊस आणि मागचे आकडे शिकून तो संगणक पुढल्या बुधवारचा आकडा आधीच सांगे. सप्टेंबरअखेर संस्थेचा छापील अहवाल ग्रामपंचायतीत आला, त्यात चौदावी खुंटी सगळ्यांत कोरडी आणि भक्कम ठरली होती. सरपंच गुणाजी पाटलांनी त्या अहवालावर विसंबून चौदासाठी आणलेले दगड दुसरीकडे टाकले होते.

शुक्रवारी सकाळी प्रकल्पाचे प्रमुख डॉ. हितेश प्रधान गावात आले. उघाडीजवळच्या, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या दाराजवळच्या, खोपटात पत्र्याच्या पेटीत यंत्र आणि हाताने लिहिलेली मूळ नोंदवही असे. त्यांनी सगळ्यांसमक्ष पेटीचं कुलूप काढलं.

यंत्र होतं. नोंदवही नव्हती.

पेटीच्या चाव्या तिघांकडे होत्या. डॉक्टर प्रधान, त्यांची विद्यार्थिनी नम्रता कर्णिक, आणि दर बुधवारी यंत्र खांद्यावर वाहून आकडे लिहिणारा गावचाच कान्हू भोईर. गावाने पहिल्या दोघांकडे पाहिलंसुद्धा नाही.

२

हौसा जिते नावाच्या स्टेशनात उतरली ती तडक मामाच्या घरी गेली. कान्हूची बायको ती. तिचे मामा महिपती घरत बासष्ट वर्षांचे. मुंबईच्या एका अणुसंशोधन केंद्रात त्यांनी एकतीस वर्षं न्यूट्रॉन मोजायच्या नळ्या बनवल्या, दुरुस्त केल्या आणि पारखल्या. शिक्षण मॅट्रिक. पण नळी खोटं बोलते की खरं, हे विचारायला मोठमोठे शास्त्रज्ञ त्यांच्या टेबलाशी येत.

"मामा, डाक्तर म्हनतो कान्हू झाडाखाली बसून मनचे आकडे लिवायचा आनि आता वही जालली," हौसा म्हणाली. "गाव बोलत नाय आमच्याशी. इहिरीवर बाया घागर बाजूला घेतात. गुणाजीदादा म्हनला, अमावास्येला बैठक हाय, तिथं कान्हून कबूल करायचा."

"तुला काय वाटतं गो?"

"माझा नवरा हाय तो. मना काय वाटाचा?"

महिपतींनी मनात हिशोब केला. दर बुधवारी चाळीस खुंट्या, प्रत्येकीचे दोन आकडे, उन्हापावसात साडेतीन किलोमीटर चिखल. दहा वेळा प्रामाणिकपणे करून अकराव्या वेळी सावलीत बसावंसं कुणालाही वाटेल. त्यांना पहिला संशय आला तो कान्हूचाच. हौसाला ते काही बोलले नाहीत, पण तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदराने कपाळ पुसून ती उठली.

दुसऱ्या दिवशी कान्हू त्यांना खांडीजवळ भेटला. गावातली दीडशे माणसं गोणी, पेंढा आणि चिखल टाकून खांड बुजवत होती. कान्हूला कुणी हात लावू देत नव्हतं. तो एकटा वीस हात दूर उकिडवा बसला होता.

"कसं वाचायचास ते सांग."

"नलीत मशीन सोडाचा. घड्यालाचा एक मिन्ट. आकडा लिवाचा. परत एक मिन्ट, दुसरा आकडा लिवाचा. मंग फुडची खुंटी."

"कधी चुकवलंस?"

"एक बुधवार. पंधरा आगस्टच्या आदला. मशीनच नव्हता, नम्रताताई मशीनची नली घेऊन मुंबैला गेलती. मना बोलली, सुट्टी घे."

"आणि बाकीचे बुधवार? खरं सांग कान्हू. मी तुझा सासरा लागतो, पोलीस नाही."

कान्हूने वर पाहिलं. "खरा सांगूनशी काय व्हनार? चौदाजवल माती पायाखाली नरम लागत होती. मी सगल्यांना सांगलाय. गुणाजीदादाला सांगला, डाक्तरला सांगला. डाक्तर म्हनला, तुझा पाय नको सांगू, मशीनचा आकडा आन."

"आकडे वाढले होते का तिथले?"

"बुधवारी ऐंशी आकडे लिवतो मी. पाठ नाय करत."

ते उत्तर प्रामाणिक माणसाचं असू शकत होतं, आणि लबाडाचंही. वही नाही, तर परीक्षा कशाची घेणार? महिपती पंचायतीच्या कचेरीत गेले आणि गुणाजींकडून तो छापील अहवाल मागून घेतला. मागच्या बाजूला शंभरएक पानं नुसत्या आकड्यांची होती, दर बुधवारचं एक पान.

"दोन दिवसांनी परत आना," गुणाजी म्हणाले. "आनि महिपतीशेट, भाचीचा नवरा म्हनून झाकू नका काय."

३

वाचलेले आकडे संगणकात भरायचं काम पेणच्या एका टायपिंग क्लासात होई. तिथल्या पिंकीने महिपतींना स्टूल दिलं आणि बोटं न थांबवता बोलत राहिली.

"गुरुवारी नम्रताताई वही घेऊन येतात. त्या शेजारी बसून वाचतात, मी टाइप करते. फ्लॉपी त्या घेऊन जातात. माझ्याकडे काही राहत नाही, काका."

"वाचताना कधी अडखळल्या? कधी आकडा बदलला?"

"नाही हो. कान्हूदादाचं अक्षर मोठं असतं, लहान मुलासारखं. अडखळायचं कारणच नाही."

"दर गुरुवारी येतात?"

"येतात ना. एकदाच नाही आल्या, पंधरा ऑगस्टच्या आठवड्यात. मला बरंच झालं, जोह्याला मावशीच्या कारखान्यात गेले. गणपतींच्या डोळ्यांची कामं अडली होती."

पिंकीला आकडे बदलून काय मिळणार होतं, हे महिपतींना कळेना. पण बांधाच्या डागडुजीचे ठेकेदार पेणमध्येच राहत, आणि पिंकीच्या हातात नवीन घड्याळ होतं. त्यांनी त्या घड्याळाकडे एकदा पाहिलं, मग पाहिलं म्हणून स्वतःवरच चिडले. संशय घ्यायला लागलं की सगळंच संशयास्पद दिसतं.

घरी येऊन त्यांनी अहवाल आणि पेन्सिल घेतली. हौसा समोर बसली होती. तिला समजावं म्हणून ते मोठ्याने बोलत गेले.

"यंत्राच्या टोकाला किरणोत्सारी गोळी असते. तिच्यातून सुसाट न्यूट्रॉन सुटतात. मातीत पाणी असलं की ते पाण्याला धडकून मंदावतात, आणि मंद झालेले तेवढेच वरची नळी मोजते. ओल जास्त, आकडा जास्त. इथवर कळलं?"

"कलला."

"पण न्यूट्रॉन काही रांगेने येत नाहीत. पत्र्यावर पावसाचे थेंब पडतात ना, एका मिनिटात जास्त, दुसऱ्यात कमी, तसे ते येतात. एका मिनिटात अडीच हजार मोजले, तर लगेच पुढच्या मिनिटाला तितकेच येणार नाहीत. माती तीच, यंत्र तेच, तरी पन्नास-साठाचा फरक पडतो. कधी दहाचा पडेल, कधी सव्वाशेचा. पण दर वेळी दहाचाच पडला तर ते न्यूट्रॉन नव्हेत. माणसाने बसून लिहिलेले आकडे आहेत."

"मंग कान्हूचे बगा," हौसा म्हणाली.

त्यांनी पहिली खुंटी घेतली. २४१८ आणि २४९१. पुढचा बुधवार, २४५५ आणि २३४८. मग दुसरी खुंटी, मग तिसरी. मनाने आकडे लिहिणारा माणूस एकाच नळीतले दोन आकडे एकशे सात अंतरावर लिहायला धजत नाही, त्याला ती चूक वाटते. इथे तशी अंतरं पानोपानी होती, आणि हवी तितकीच होती. महिपतींच्या छातीवरचा दगड हलका झाला.

मग ते बाराव्या खुंटीशी आले. ऑगस्टच्या वीस तारखेपासून पुढे फरक सहा, नऊ, चार, अकरा. तेरावी खुंटी तशीच, चौदावी तशीच, आणि सोळाव्यापर्यंत तेच. आकडे शांत होते, वाऱ्याविना पाणी असावं तसे.

"हे खोटे आहेत," ते म्हणाले.

हौसाचा चेहरा उतरला.

"थांब. शेजारचा रकाना बघ. तो संगणकाचा अंदाज आहे. खऱ्या आकड्याशी त्याचा पन्नास-साठाने तरी मेळ चुकायलाच हवा, कारण न्यूट्रॉनच तितके वरखाली होतात. बाकी खुंट्यांवर चुकलाय. ह्या पाच खुंट्यांवर मात्र अंदाज आणि वाचन दहाच्या आत जुळतंय. म्हणजे कुणीतरी संगणकाचाच अंदाज घेतला, चार-पाच इकडेतिकडे केले आणि वाचन म्हणून भरला. कान्हूने संगणक पाहिलाय कधी?"

"डाक्तरच्या खोलीत पाय ठेऊ देत नाय त्याला."

"आणि पिंकीला अंदाज दिसत नाहीत, ती वाचन तेवढं टाइप करते. तेव्हा तीही सुटली."

हौसाने डोळे मिटले. पण महिपती पानं उलटत राहिले, आणि शेवटच्या खुंट्यांकडे येताना त्यांची पेन्सिल थांबली. एकतीस, बत्तीस, तेहतीस. तिथेही ऑगस्टअखेरपासून तसेच शांत आकडे होते. कुणीतरी तिथलीही खरी ओल झाकली होती.

दिवाळीच्या अमावास्येचं उधाण सहा दिवसांवर होतं, आणि गावातला एकूण एक माणूस चौदावर राबत होता.

४

रोह्याच्या कचेरीत डॉक्टर प्रधानांनी त्यांना बसायला सांगितलं, पण स्वतःची खुर्ची मागे सरकवून अंतर ठेवलं.

"घरत, तुम्ही टेक्निशियन होतात ना? मग तुम्हाला माहीत आहे, यंत्र चुकत नाही, चालवणारा चुकतो. मी त्या माणसाला कधीच ठेवणार नव्हतो. नम्रताचा हट्ट."

"तुम्ही बांधावर किती वेळा गेलात, साहेब?"

"मला बांधावर जायची गरज काय? आकडे इथे येतात." त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. "दोन वर्षं, चाळीस खुंट्या, आणि एकही बुधवार रिकामा नाही. भर पावसाळ्यात न्यूट्रॉन यंत्र असं अखंड चाललंय हे सांगितलं की लोक विश्वास ठेवत नाहीत. डिसेंबरात परिषद आहे. तिथे हाच तक्ता दाखवणार होतो मी."

"संगणकाचे अंदाज कोण पाहू शकतं?"

"मी आणि नम्रता. का?"

महिपतींनी बारा ते सोळाच्या जोड्या पुढे ठेवल्या. प्रधानांनी त्या पाहिल्या, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग बदलला. ते हुशार होते. त्यांना दहा सेकंदांत कळलं.

"हे तुम्ही कुणाला दाखवलंत?"

"अजून नाही."

"मग दाखवू नका. मी स्वतः चौकशी करीन." त्यांनी टेबलाचा खण ओढून बंद केला आणि किल्ली खिशात टाकली. "गैरसमज होतील. प्रकल्पाच्या पुढच्या मंजुरीचा कागद अजून सहीला आहे."

महिपतींनी त्या खणाकडे पाहिलं. नोंदवही मावेल एवढा होता तो.

बाहेरच्या खोलीत नम्रता कर्णिक बसली होती. सव्वीस वर्षांची, रोह्याचीच, चष्म्याआड जागरणाने सुजलेले डोळे. संगणकाला शिकवणारा प्रोग्राम तिने स्वतः लिहिला होता. महिपतींना पाहून ती उठून उभी राहिली.

"काका, कान्हूदादा तसं करणार नाहीत. मी सरांना किती वेळा सांगितलं."

"तू पाहिलेस ना आकडे? चौदाचे?"

"पाहिले." तिने खाली पाहिलं. "तुम्ही आणखी कुठल्या खुंट्या पाहिल्यात?"

प्रश्न साधा होता. पण ज्याला काहीच ठाऊक नाही तो विचारतो, चौदाचं काय झालं. आणखी कुठल्या, असं नाही विचारत. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. डॉक्टरांकडे कारण होतं, किल्ली होती, भीतीही दिसत होती. ह्या पोरीकडे फक्त एक प्रश्न होता.

परतताना ते खारदेवळीला उतरले आणि गुणाजींना म्हणाले, "एकतीस ते तेहतीसला माणसं लावा. तिथंही आतून पाणी झिरपतंय."

"कशावरना?"

महिपतींनी पेन्सिलच्या खुणा दाखवल्या. गुणाजींनी बराच वेळ पाहिलं.

"एकदा छापलेल्या आकड्यावर इसवास ठेवला, सव्वाशे एकर गेला. आता तुमच्या पेन्सिलीवर ठेवू? खांड उघडी टाकून माणसा तिकडं नेली आनि तिथं काय नसला तर लोका मना जिता ठेवायची नाय. वही आना. कान्हूच्या हातचा आकडा दाखवा. मंग बगतो."

अमावास्येला पाच दिवस उरले होते.

५

सकाळी महिपती ओसरीवर अहवाल पुन्हा पहिल्यापासून तपासायला बसले. या वेळी खुंटीवार नाही, तारीखवार. तेरा ऑगस्टच्या पानावर आले आणि त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

त्या पानावर सगळेच्या सगळे आकडे शांत होते. पहिल्या खुंटीपासून चाळीसाव्यापर्यंत एकाही जोडीत बाराच्या वर फरक नव्हता. त्यापुढच्या पानांवर आठ खुंट्या खोट्या होत्या, या पानावर चाळीस.

तो बुधवार पंधरा ऑगस्टच्या आदला. कान्हू म्हणाला होता, यंत्रच नव्हतं. पिंकी म्हणाली होती, नम्रता आलीच नाही. आणि डॉक्टर प्रधान छाती पुढे काढून म्हणाले होते, एकही बुधवार रिकामा नाही.

ते खरंच तसं मानत होते. त्यांनी कान्हूला विचारलं नाही, पिंकीचं तर त्यांना नावही ठाऊक नसेल. तो बुधवार रिकामा गेला हेच ज्याला माहीत नाही, तो ते पान भरायला कशाला बसेल? ते पान भरणाऱ्याला तीन गोष्टी हव्यात. पान रिकामं आहे हे ठाऊक हवं, ते डॉक्टरांना कळू नये अशी गरज हवी, आणि संगणकाचे अंदाज हाताशी हवेत. कान्हू आणि पिंकीला पहिली गोष्ट ठाऊक होती, पण तिसरी त्यांच्यापाशी नव्हती. डॉक्टरांपाशी तिसरी होती, पहिली नव्हती.

तिन्ही गोष्टी एकाच माणसापाशी होत्या.

महिपती दहाच्या गाडीने रोह्याला गेले. कर्णिकांच्या घरी नम्रताच्या आईने, इंदुबाईंनी, दार उघडलं. फराळाचं चाललं होतं; त्या हातावरचं पीठ झटकत आत गेल्या आणि लेकीला हाक मारली.

"तेरा ऑगस्ट," महिपती एवढंच म्हणाले.

नम्रता खुर्चीच्या काठावर बसली.

"माझ्या हातून यंत्र खडकावर पडलं," ती म्हणाली. "गोळी तिच्या जाड कवचात सुखरूप होती, पण मोजायची नळी तडकली. सरांनी अखंड वाचनाचं परिषदेला कळवून टाकलं होतं. त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. मी नळी मुंबईला नेली, ओळखीतून बदलून आणली. एक आठवडा रिकामा राहिला. प्रोग्रामचा अंदाज तोवर इतका चांगला येत होता, काका. वाटलं, वाचलं असतं तरी हेच आलं असतं. एकच आठवडा."

"आणि पुढच्या?"

"नवीन नळी बसवली आणि चौदाचा आकडा एकदम तीनशेने चढला. मला वाटलं नळीच जास्त मोजतेय. पण हे कुणाला विचारणार? विचारलं तर नळी बदलल्याचं कळेल. मग पिंकीकडून फ्लॉपी आणली की तेवढे आकडे मीच बदलायला लागले."

महिपतींनी आवाज चढवला नाही. "नळी खोटी असती तर चाळीसही खुंट्या चढल्या असत्या. आठच का चढल्या?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

"बांधावर जाण्याआधी यंत्र पेटीत ठेवून एक आकडा घेतात, नळी ठीक आहे का बघायला. तो घेत होतीस?"

"दर वेळी."

"बरोबर यायचा?"

नम्रताने चष्मा काढला. "बरोबर यायचा," ती म्हणाली. "मला कळत होतं. दर गुरुवारी ठरवायचे की या वेळी सांगायचं. आणि दर गुरुवारी सांगायचं आणखी अवघड झालेलं असायचं. त्या दिवशी सगळे खांडीवर धावले तेव्हा मी खोपटात गेले आणि वही उचलली."

"जाळलीस?"

"नाही." ती जवळजवळ दुखावल्यासारखी म्हणाली. "ती कशी जाळणार? ती खरी होती."

ती आत गेली आणि आईच्या साड्यांखालून मेणकापडात गुंडाळलेली वही घेऊन आली. कान्हूचं मोठं, गोल अक्षर. महिपतींनी पंधरा ऑक्टोबरचं पान काढलं. चौदावी खुंटी, ३४६२ आणि ३५४०. बत्तिसावी, ३५०७ आणि ३४२९. फुटण्याच्या आदल्या दिवशी चौदावीत जेवढी ओल होती, तेवढीच बत्तिसावीत होती.

"ही वही मी नेऊन दिली तर गाव मलाच विचारेल, कुठून आणली," महिपती म्हणाले. "तू यायला हवंस."

आतून इंदुबाई कढईखालचा गॅस बंद करून बाहेर आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "जा," त्या लेकीला म्हणाल्या. "चप्पल नको घालू, चिखल असेल."

६

खांडीवर तिसऱ्या प्रहरी काम चालू होतं. नम्रता गुणाजींसमोर उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं, एकही वाक्य न गाळता. दीडशे माणसं हातातलं काम टाकून ऐकत होती. कुणी ओरडलं नाही. मागून एक म्हातारा एवढंच म्हणाला, "माझा तीन एकर होता गो पोरी."

गुणाजींनी वही घेतली, बत्तिसावीचं पान बघितलं, मग चौदावीचं. मान वळवून त्यांनी दूर बसलेल्या कान्हूला पाहिलं. "ये रे इकडं," ते म्हणाले. "कुठं खनायचा ते तूच दाखव."

कान्हू आला. एकतीस आणि बत्तीसच्या मधोमध त्याने खाडीच्या अंगाला पहार घातली. हातभर खाली पहार अशी गेली की जणू लोण्यात, आणि बाहेर काढली तेव्हा भोकातून खारं पाणी वर आलं. मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. निम्मी माणसं तिकडे वळली.

नम्रता तिथेच उभी राहून रडत होती. हौसा तिच्याजवळ आली. तिने पोरीला जवळ घेतलं नाही, बरंवाईट काही बोलली नाही. हातातलं घमेलं तिच्या पोटाशी लावलं.

"धर," ती म्हणाली. "तो पेंढा हाय ना, त्याच्यावरना जा. घसरशील."

पुढचे चार दिवस नम्रता रोज पहिल्या गाडीने येत होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टर प्रधान आले. संस्थेला तार करून त्यांनी अहवाल मागे घेतला होता. परिषद गेली, मंजुरीही बहुतेक जाणार होती. ते बांधावरून पहिल्यांदाच चालत बत्तिसावीपर्यंत गेले. कान्हूसमोर थांबून काहीतरी म्हणाले, पण ते इतकं हळू की कान्हूला ऐकू आलं नाही, आणि त्यांनी ते पुन्हा म्हटलं नाही. नम्रताचं संशोधक म्हणून नाव कापलं गेल्याचं पत्र त्याच दिवशी आलं. तिने ते घडी करून कंबरेला खोचलं आणि दुपारभर चिखल वाहिला.

अमावास्येला बाराच्या सुमाराला पाणी चढायला लागलं. चौदावरचं नवं भरण ओलं होतं, पण जाड होतं. सगळ्यांचे डोळे बत्तिसावीवर. एक वाजता पाणी माथ्याच्या हातभर खालपर्यंत चढलं आणि तिथेच थांबलं. आतल्या अंगाला कान्हू पोटावर पडून मातीला गाल लावून होता. पाणी अर्धा तास तसंच उभं राहिलं. मग खाडीकडच्या चिखलावर ओली रेघ दिसू लागली, ती रुंद होत गेली, आणि कान्हू उठून बसला.

"कोरडा हाय," तो म्हणाला.

संध्याकाळी महिपती हौसाच्या घरी चहाला थांबले. दारात शेजारणी येऊन गेल्या, एकीने चकल्यांचं ताट ठेवलं. हौसाने ते घेतलं, पण तिला बस म्हणाली नाही.

कान्हू म्हणाला, "मामा, एक इचारू? तुमी पयले आकडे माझेच तपासले ना?"

महिपतींना खोटं बोलता आलं असतं. "हो," ते म्हणाले. "पहिला संशय तुझाच घेतला."

हौसाचा हात किटलीवर थांबला.

कान्हूने विचार केला. "बरा केलात," तो म्हणाला. "नायतर लोका म्हनली असती, मामान भाचीच्या नवऱ्याला झाकला."

हौसाने दोन कप भरले. एक कान्हूपुढे ठेवला, एक स्वतः घेतला. मामांचा कप तिने बऱ्याच वेळाने भरला, आणि त्यात साखर घालायची राहिली. महिपतींनी तो तसाच शेवटपर्यंत प्यायला.